मदत हवी आहे: आत्याची ट्रायल, सही करण्याआधी काय विचारायचं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आत्या, वय ६१, ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर (हार्मोनच्या आणि हर-टूच्या गोळ्या-इंजेक्शनं लागू न पडणारा प्रकार). ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं होतं. मधली दोन वर्षं बरी गेली. यंदा खोकला हटेना म्हणून सीटी काढला, तर उजव्या फुफ्फुसात गाठी.

मुंबईला दाखवलं. तिथे ट्रायल सुचवली आहे. केमोसोबत एका गटाला इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं) एक औषध, दुसऱ्याला दोन. गट कॉम्प्युटर ठरवणार.

पीडी-एल-वन (गाठीतलं एक प्रथिन, त्यावरून इम्युनोथेरपीचा अंदाज बांधतात) तपासायला जुना ब्लॉक, म्हणजे आधीच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा लागतो, तो इथल्या लॅबमधून सोडवून आणला. काडेपेटीएवढी प्लास्टिकची जाळी, तिच्यावर मेण, मेणात जिऱ्याएवढा करडा ठिपका. आईने कापसात गुंडाळून चकलीच्या डब्यात घालून दिला. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्रभर डबा उशाशी. एवढं करून सीपीएस, म्हणजे पीडी-एल-वनचा स्कोअर, आला ४. आता म्हणतात, १० च्या खाली आहे, फुफ्फुसातून नवा तुकडा घेऊ. आत्या म्हणते, "दिलाय की एकदा तुकडा!"

त्यात काका ट्रायल शब्द ऐकूनच भडकलेत. "आपल्या इंदुरात काय झालं होतं, विसरलास?" (पेशंटना नीट न सांगताच त्यांच्यावर औषधांच्या ट्रायल केल्याचे आरोप झाले होते, ते.)

आत्या मात्र संमतीपत्र वाचत बसली आहे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे लाल पेन हातात. 'यादृच्छिक' खाली रेघ मारून समासात लिहिलंय, 'म्हणजे चिठ्ठ्या टाकून?' तिचा खरा प्रश्न एकच आहे: नुसतं पाणी टोचणार नाहीत ना?

नवी बायोप्सी करावी का? आणि काकांना काय सांगू?

मालव्यातली:
दादा, माझ्या सासूबाईंच्या वेळी हे सगळं केलंय. बायोप्सीचं आधी. स्तनातल्या गाठीचा आणि फुफ्फुसातल्या गाठीचा पीडी-एल-वन वेगळा निघू शकतो, म्हणून नवा तुकडा मागतात. आकड्याला महत्त्व का, तर कीनोट-३५५ या मोठ्या ट्रायलमध्ये केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं तेव्हा सीपीएस १० किंवा वर असलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या) २३ महिने निघालं, नुसत्या केमोवर १६.१. त्याखालच्यांत असा ठोस फरक दिसला नाही. म्हणून तर दोन औषधं एकत्र करून बघतायत. पण फुफ्फुसात सुई घालताना हवा गळण्याचा धोका असतो, तो विचारून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर तुम्ही सांगता त्यात दोन्ही गटांना केमो आणि एक औषध आहेच. एकच औषध मिळणाऱ्या गटात दुसऱ्या औषधाच्या जागी प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) आहे का, हे कागदात लिहिलेलं असतं. आत्यांना सापडेलच, लाल पेन आहे!

काकांचा राग खोटा नाही. पण इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यानंतर नियम आवळले गेले. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. कधीही बाहेर पडता येतं. सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर ट्रायलचा नंबर टाकून काकांसमोरच उघडा.

रात्रपाळी:
एक भर. इम्युनोथेरपीत केस जाण्यापेक्षा भलत्याच गोष्टी होतात: थायरॉइड बिघडतं, जुलाब थांबत नाहीत, धाप लागते. शरीराची स्वतःची फौज घरावरच उलटते. दोन औषधं म्हटल्यावर हे जास्त. इंदूरला रात्री दोनला जुलाब सुरू झाले तर मुंबईत कोणाला फोन करायचा आणि इथे कुठे भरती करायचं, हे आधी लिहून घ्या. नाहीतर इथला ड्युटी डॉक्टर साधी पोटाची गोळी देईल. आमच्याकडे तीन दिवस तसेच गेले.

धागाकर्ता:
मालव्यातली, रात्रपाळी, खूप आभार. आत्याला वाचून दाखवलं. बायोप्सीला हो म्हणाली, पण मंगळवारी नको, तिची भिशी आहे. सीटीआरआयचं पान काकांच्या मोबाइलवर उघडून दिलंय. चष्मा शोधतायत.