सेल्फ मारला की एकच ‘टक्’, इंजिन फिरत नाही. बॅटरी तर नवी आहे

सागरवेळा (रत्नागिरी)
२०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. ३५ एएचची बॅटरी चारच महिन्यांपूर्वी बदलली. किल्ली फिरवली की बॉनेटखालून एक जाड ‘टक्’ येतो आणि संपलं. चार-पाचदा मारल्यावर कधी एकदम झटक्यात सुरू होते. बॅटरीची टर्मिनलं घासून आवळली, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला, बदला. बदलू का?

बारा_व्होल्ट
थांबा जरा. रात्री भिंतीसमोर गाडी लावा, हेडलाईट चालू ठेवून किल्ली मारा. ‘टक्’ होताना उजेड किती मंदावतो? आणि तो आवाज एकच आहे की टकटकटक अशी माळ लागते?

सागरवेळा
एकच. हेडलाईट जवळजवळ तसेच राहतात. मीटर आहे माझ्याकडे. बॅटरी बंद गाडीत १२.५, किल्ली मारताना १२.१.

गिअरबदल
सोलेनॉईडचे (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच, ‘टक्’ तोच करतो) कॉन्टॅक्ट जळालेत, नाहीतर कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. सेल्फच्या बॉडीवर पान्ह्याने दोन टोले द्या, सुरू झाली तर सेल्फच.

बारा_व्होल्ट
टोल्याने कार्बन सरकतो हे खरं, पण त्याच धक्क्याने एखादी सैल वायरही टेकते. मग सिद्ध काय झालं?

वरचे आकडे बघा. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ ढोबळमानाने १०० अँपिअर ओढतो. तेवढा करंट गेला असता तर बॅटरी १०-११ वर यायला हवी होती. ती १२.१ वरच आहे, म्हणजे तेवढा करंट निघतच नाहीये. बॅटरी डाऊन असती तर लाईट मिणमिणले असते आणि टकटकीची माळ लागली असती. सेल्फ जाम असता तरी लाईट मंदावले असते. तेव्हा बॅटरी आणि जाम सेल्फ दोन्ही बाद. उरतं काय? सोलेनॉईडचे आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन, किंवा वाटेतला एखादा खराब जोड. १०० अँपिअरला ०.०२ ओहमचा गंजसुद्धा २ व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरवर ०.०२ ओहम दिसतच नाही. त्यामुळे मीटरच्या कंटिन्युइटीची (वायर जोडलेली आहे का हे सांगणारी) पीं-पीं ऐकून वायर चांगली समजू नका.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर. किल्ली दुसऱ्याला मारायला सांगा, एका वेळी दोन-तीन सेकंदच, आणि तेवढ्यात रीडिंग घ्या:

१. बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिनाचं उघडं लोखंड. ०.३ च्या आत हवं. प्रोब शिशाच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. नाहीतर क्लॅम्पचा दोष सुटतो.
२. तोच खांब ते गाडीची बॉडी.
३. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट. ०.५ च्या आत.

सागरवेळा
इंजिनाला ७.४! बॉडीला ०.०३. पॉझिटिव्ह बाजू ०.१.

बारा_व्होल्ट
सापडलं. बॉडीचं अर्थिंग (निगेटिव्हकडे परतीची वाट) ठणठणीत म्हणून लाईट झगझगीत, इंजिनाचं अर्थिंग तुटल्यात जमा म्हणून सेल्फ उपाशी. खात्री करायची असेल तर जंप केबलची एकच वायर घ्या: एक टोक निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला. किल्ली मारा.

आणि ते होईपर्यंत उगाच किल्ली मारत बसू नका. अर्थ मिळाला नाही की करंट गिअरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. त्या केबल तापून वितळलेल्या निघतात आणि मग लोक त्याचं कारण भलतीकडेच शोधतात.

सागरवेळा
वायर लावली, पहिल्याच किल्लीला सुरू.

पान्हापेटी
आता दुरुस्ती. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत अर्थची पट्टी किंवा काळी वायर असते, एअर फिल्टरचा डबा काढला की दिसते. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा (१० चा पान्हा), जोडताना तो सगळ्यात शेवटी. पट्टीचे बोल्ट काढून दोन्ही बाजूंचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, खालचा रंगही काढा. लगजवळ (वायरच्या टोकाची बोल्टची कडी) वायर दाबून बघा. कुरकुरली किंवा हिरवी भुकटी पडली तर तांबं आतून खाल्लंय, ती वायर घासून उपयोग नाही. २५ चौरस मिमीची बारीक तारांची तांब्याची वायर घ्या, दोन्ही टोकांना लग प्रेस करून घ्या. पक्कडीने दाबलेला लग पुढे सैल होतो. लांबी थोडी झोळ ठेवून, इंजिन हलतं. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी लावली तरी चालते, पण थर पातळ. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत दर पावसाळ्याआधी हा बोल्ट बघायचाच.

गिअरबदल
मान्य. टोल्यावरून निदान नको.

सागरवेळा
नवी वायर टाकली. इंजिन ते निगेटिव्ह आता ०.१२. पण सेल्फ मारताना बॅटरी १०.६ वर येते, आधी तर १२.१ होती. बॅटरी खराब झाली का?

बारा_व्होल्ट
नाही हो, आता कुठे ती काम करतेय! ९.६ च्या खाली गेली तर काळजी करा. गाडी सुरू असताना १३.८ ते १४.५ मिळतंय का तेवढं बघून घ्या.