पाळी जायच्या वयाची तयारी कशी करायची? अनुभव हवेत

मैत्रिणींनो, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. वय ४६. वर्षभर पाळीचा काही नेमच राहिला नाही, कधी २२व्या दिवशी हजर तर कधी दोन-अडीच महिने पत्ता नाही, आणि मग आली की इतकं अंगावरून जातं की बाहेर पडायचीच धास्ती वाटते.

त्याहून त्रास रात्रीचा. तीनच्या सुमाराला जाग येते, छातीपासून मानेपर्यंत भडका उठल्यासारखं होतं, गाऊन पाठीला चिकटलेला, पांघरूण फेकून देते आणि पाच मिनिटांत कुडकुडत परत ओढून घेते. उशी उलटी करून थंड बाजूवर गाल टेकवून पडून राहायचं, झोप काही येत नाही. मग दिवसभर चिडचिड, मुलगी साधं काही विचारायला आली तरी अंगावर ओरडते आणि नंतर फार वाईट वाटतं. परवा मीटिंगमध्ये 'थकबाकी' हा रोजचा शब्द आठवेना, सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी नुसती हात हलवतेय, घाबरलेच हो.

गायनॅककडे जाऊन आले. त्या म्हणाल्या हा पेरिमेनोपॉज आहे, म्हणजे पाळी जाण्याआधीचा बदलाचा काळ, सलग १२ महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला म्हणायचं, तोवर काही वर्षं असंच मागेपुढे चालतं. हॉर्मोनची टेस्ट नको म्हणाल्या कारण या वयात आकडे सारखे बदलतात, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र करायला सांगितलंय. एवढंच बोलणं झालं, बाहेर मोठी रांग होती.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आईची पाळी ४८व्या वर्षी गेली, तिने कुणाला चकार शब्द सांगितला नाही, निभावून नेलं. ५९व्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून नुसता हात टेकला तर मनगट मोडलं, तेव्हा कळलं हाडं किती ठिसूळ झालीत. मला तसं नुसतं निभावायचं नाहीये, आत्तापासून काय करू ते सांगा. हॉर्मोनच्या गोळ्या कुणी घेतल्यात का? कॅन्सरची भीती वाटते. आणि घरी नवऱ्याला, मुलीला कसं सांगितलंत?

प्रतिसाद १
ताई, मी ५३, माझी जाऊन तीन वर्षं झाली. आधी त्या जास्त जाण्याचं बघा, 'या वयात होतंच' म्हणून सोडू नका, मी सोडलं आणि हिमोग्लोबिन ७ वर आलं, जिना चढताना धाप लागायची. सोनोग्राफी करून घ्या. आणि एकदा वर्षभर पाळी बंद झाल्यावर परत थोडासा जरी डाग दिसला तरी लगेच दाखवायचं, हे पक्कं लक्षात ठेवा. अजून एक, जे कुणी सांगत नाही, पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात, काळजी घ्यायची. हाडांसाठी नुसतं चालणं पुरत नाही, मी आठवड्यातून दोनदा वजनं उचलते, सुरुवात एकेक किलोने केली. घरी मी सरळ सांगितलं की मला रात्री झोप नाही, सकाळी अर्धा तास माझ्याशी बोलू नका. ऐकलं त्यांनी.

प्रतिसाद २
हॉर्मोनची भीती बरीचशी २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाच्या बातम्यांमुळे बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, हाडांनाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर सहसा देत नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर त्वचेवर लावायच्या हॉर्मोनच्या पॅच किंवा जेलबद्दल विचारा, गोळीपेक्षा त्यात गुठळीचा धोका कमी. नकोच असेल तर बिनहॉर्मोनची औषधं आहेत, आणि सीबीटी नावाच्या समुपदेशनाने झोपेचा त्रास आणि वाफा (तुम्ही म्हणता तो अंगात उठणारा भडका) दोन्ही सुसह्य होतात. आईचं फ्रॅक्चर डॉक्टरांना नक्की सांगा, हाडांची डेक्सा तपासणी कधी करायची ते त्यावरून ठरेल.

मूळ लेखिका
दोघींचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. सोनोग्राफीची वेळ घेतली, गुरुवारची. तारखा, किती गेलं, रात्री कितीदा उठले हे वहीत लिहायला लागलेय म्हणजे या वेळी रांग असली तरी सगळं सांगता येईल. मुलीला काल सांगितलं. ती काही बोलली नाही, रात्री माझ्या उशाशी टेबलफॅन आणून ठेवला.