मधुमेहातली पायांची बधिरता ‘आनुवंशिक’ म्हणावी का?

महाल, नागपूर
टाइप २ मधुमेहात पायांच्या नसा निकामी होतात, त्यात जनुकांचा वाटा काय, यावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी तपासते आहे. मसुद्यात सरळ ‘हा आजार अनुवांशिक आहे’ असं लिहिलंय. मला ते खटकतं. आमच्याकडे बाया म्हणतात, ‘शुगर आणि पाय दोन्ही खानदानीच’, आणि मग पाय तपासायला कोणी जातच नाही. इथे कोणता शब्द बसेल? आणि ‘नर्व्ह’साठी नस, चेता की मज्जातंतू?

धंतोली
ताई, ‘अनुवंश’ला ‘इक’ लागला की पहिल्या अक्षराची वृद्धी होते, समाज-सामाजिक तसं. म्हणून आनुवंशिक. ‘अनुवांशिक’ सर्रास दिसतं, पण चूक.

अर्थाचा प्रश्न मोठा आहे. शार्को-मारी-टूथ हा १८८६ साली वर्णन केलेला नसांचा आजार खरोखर आनुवंशिक. तिथे बहुधा एकाच जनुकातला दोष पुरतो. मधुमेहात मूळ घाव वाढलेल्या साखरेचा. जास्तीच्या ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करणारं अल्डोज रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, आणि हे सॉर्बिटॉल साचलं की नसांना इजा होते. ते विकर घडवणारं एकेआर१बी१ जनुक सगळ्यांचं तंतोतंत सारखं नसतं, त्यामुळे साखर तेवढीच असूनही एकाच्या नसा लवकर बिघडू शकतात. २०१९ साली अ‍ॅकॉर्ड या टाइप २ मधुमेहावरच्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुसऱ्या गुणसूत्रावर, एससीएन२ए जनुकाच्या शेजारी, एक बदल सापडला आणि तो ज्यांच्यात होता त्यांना हा त्रास कमी होता! जनुक वाचवूही शकतं, ही बाजू ‘आनुवंशिक आजार’ म्हटल्यावर पुसलीच जाते. माझं मत ‘जनुकीय प्रवणता’, म्हणजे जनुकांमुळे असणारा कल.

हिंगणा
मी आरोग्यकेंद्रात काम करते. ‘प्रवणता’ वाचून लोक पत्रक घडी करून ठेवतील जी. ‘धोका जास्त किंवा कमी असू शकतो’ असं लिहा ना.

नुसतं ‘नस’ही नको. सलाइन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात, ती शीर. ‘चेता’ तर बोलण्यात नाहीच. ‘संवेदना नेणाऱ्या नसा’ लिहा. आणि लक्षणं लोकांच्या शब्दांत द्या: मुंग्या येतात, तळवे जळतात, ‘चप्पल निसटली तं समजतच नाही’. हे शेवटचं ऐकलं की मी लगेच पाय बघते.

महाल, नागपूर
जळणं आणि बधिर होणं, दोन्ही एकाच शब्दात घालू का?

धंतोली
वेगळं ठेवा. पाय बधिर असलेल्या सगळ्यांनाच वेदना होत नाहीत. वेदनेच्या बाबतीत एससीएन९ए या दुसऱ्याच जनुकाकडे संशोधकांचं लक्ष आहे. आणखी एक ओळ नक्की घाला: मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊनही अशाच मुंग्या येतात. त्याला खानदानी समजून सोडून दिलं तर साध्या उपायाने बरं होणारं दुखणं अंगावर राहील.

महाल, नागपूर
मग असं करते: ‘साखर जास्त राहिली की संवेदना नेणाऱ्या नसा बिघडतात. काहींच्या जनुकांमुळे हा धोका वाढतो, काहींच्या कमी होतो. घरात कोणाला त्रास असो वा नसो, दरवर्षी पाय तपासून घ्या.’

हिंगणा
हे वाचून दाखवता येईल. फक्त ‘तपासून घ्या’च्या पुढे ‘तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून पाहतात, दुखत नाही’ एवढं जोडा. सुई टोचतील म्हणून घाबरतात लोक.