योम किप्पूरआधी माणसांची माफी नेमकी कशी मागतात?

मृणाल_पुणे
ज्यू धर्मातल्या 613 मित्स्वांबद्दल, म्हणजे धर्माज्ञांबद्दल, वाचते आहे. देवाशी संबंधित आज्ञा आणि माणसामाणसांतल्या आज्ञा असे दोन भाग करतात, एवढं कळलं. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास दोन्ही भागांना पुरतो का? आदल्या दिवशी सगळ्यांना 'काही चुकलं असेल तर माफ करा' असा एकच मेसेज धाडला तर चालतं का? आणि पैशाची फसवणूक असेल किंवा तो माणूसच वारला असेल तर?

तिश्री_दहा
पुरत नाही. मिश्नेत (ज्यू धर्मनियमांचं इ. स. 200च्या सुमाराचं संकलन) स्वच्छ सांगितलंय: देवाचा अपराध योम किप्पूरला फिटतो, माणसाचा अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. सुमारे 25 तास पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थना केली तरी नाही. 'आत्ता पाप करतो, योम किप्पूर आहेच' असं म्हणणाऱ्यालाही त्या दिवसाचा लाभ नाही, हे तिथेच येतं.

पैसा असेल तर आधी पैसा. लुबाडलेली वस्तू आहे तशी असेल तर तीच परत करायची, तिचं रूप बदललं असेल तर किंमत द्यायची. चोरलेली तुळई घरात बसवून टाकली असेल तर? मूळ नियमाप्रमाणे घर पाडून तुळईच द्यावी लागली असती. पण मग कोणी कबूल करायलाच पुढे येणार नाही, म्हणून रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) किंमत देण्याची सोय केली. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. 'मी घेतलंच नाही' अशी खोटी शपथ खाऊन नंतर कबुली दिली, तर वर पाचवा हिस्सा. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो: पाचवा हिस्सा एकूण रकमेचा धरतात, म्हणून मूळ 100 असतील तर 120 नाही, 125 द्यायचे.

पैसे दिले म्हणून माफी मागणं सुटत नाही. धर्मशास्त्रकार मायमोनिडीसने (1138–1204) दोन्ही सक्तीचं ठरवलंय.

रेवदंडा_वाचक
मेसेजबद्दल: सरसकट मेसेजने समजूत काढल्यासारखं होत नाही. ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन कशाबद्दल ते बोलायचं. तो ऐकत नसेल तर तीन माणसं सोबत नेऊन पुन्हा जायचं, असं एकूण तीन वेळा. त्यानंतरही तो अडून बसला तर मागणाऱ्याची जबाबदारी संपते. अपवाद गुरूचा: तिथे हजारदा जावं लागलं तरी जायचं.

माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी जातात आणि 'इस्राएलच्या देवाचा आणि अमक्याचा मी अपराध केला' असं मोठ्याने म्हणतात. देणं असेल तर वारसांना द्यायचं, वारस माहीत नसतील तर धर्मन्यायालयात ठेवायचं. गिऱ्हाइकांना वजनात मारलं आणि कोणाला किती ते आठवत नाही, अशा वेळी तेवढा पैसा सार्वजनिक कामाला लावतात. जुन्या ग्रंथांत विहिरींचं उदाहरण येतं.

समोरच्यावरही बंधन आहे. मनापासून मागितलेली माफी नाकारणं हा क्रूरपणा मानलाय.

जाता जाता: कोकणातले बेने इस्राएल ज्यू योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, घराची दारं लावून आत राहत. दुसऱ्या दिवशीच्या शिळा सणाला गाठीभेटी आणि गोरगरिबांना दानधर्म. पण माफीचं काम दारं लागायच्या आत उरकायचं असतं.

मृणाल_पुणे
मागे केलेली निंदा असेल आणि त्या माणसाला ती ठाऊकच नसेल तर? सांगून त्याला आणखी दुखवायचं?

तिश्री_दहा
यावर मोठ्यांचंच एकमत नाही. लाशोन हारा, म्हणजे कोणाबद्दल खरं असलं तरी घातक बोलणं, यावर सर्वांत बारकाईने लिहिलं ते रब्बी इस्रायल मेअर कागान यांनी. त्यांच्या मते नुकसान झालं असेल तर जाऊन सांगायचं आणि माफी मागायची. रब्बी इस्रायल सालांटर यांचं म्हणणं उलट सांगितलं जातं: ठाऊक नसलेलं दुःख त्याच्या पदरात घालून स्वतःचं प्रायश्चित्त साधण्याचा हक्क कोणाला नाही. मला सालांटर पटतात, पण एका अटीवर. ज्यांच्यासमोर निंदा केली त्यांच्याकडे जाऊन ती खोडायची. खोटा आळ घेतला असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण तिथे समोरच्यावर क्षमा करण्याची सक्तीही नाही. ज्यांनी आळ ऐकला, त्यांच्यापर्यंत माफी पोचतच नाही.