मदत हवी आहे: कफ, रफ, टफ आणि ओ-यू-जी-एचची भानगड

नमस्कार मंडळी,

भाचा पाचवीला आहे, इथं कोल्हापुरात आमच्याकडेच राहतो. शिष्यवृत्तीची तयारी चाललीय. मराठी, गणित त्याचं तो बघतो, इंग्रजी माझ्या गळ्यात. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत यमक जुळणारा शब्द ओळखायचा होता. दिलेला शब्द सी-ओ-यू-जी-एच, म्हणजे खोकला. पर्याय रफ, ऑफ, डो आणि थ्रू. पोरानं बेधडक रफवर खूण केली. उत्तरसूची म्हणते ऑफ.

आता घरात दोन तट पडलेत. आजोबांचं म्हणणं, महाद्वार रोडला कुठल्याही औषधाच्या दुकानात जा आणि 'कॉफ सिरप' मागून दाखव, दुकानदार तोंडाकडं बघत राहील. कफ म्हटलं की बाटली हातात. उत्तरसूची चुकलीय का आपण सगळेच?

दुसरं म्हणजे ही चार अक्षरं शेजारी आली की उच्चाराला काही नियम असतो का? थ्रू, दो, थॉट, टफ, प्लाउ. शेपूट तेच, आवाज दरवेळी निराळा. पोरगं विचारतंय, "आत्ती, हे ठरवलं कुणी?" याद्या नकोत, त्या गाइडात भरपूर आहेत. डोक्यात राहील असं काहीतरी सांगा.

निवृत्त मास्तर:
ताई, उत्तरसूची बरोबर आहे. उच्चार कॉफ, जुळतो ऑफशी. आपल्याकडं वैद्यांचा कफ आधीपासून घरात होता, त्यामुळं इंग्रजी शब्दही तसाच तोंडात बसला. दोघांचं नातं मात्र काही नाही. आपला कफ संस्कृतातला, त्यांचा शब्द खोकण्याच्या आवाजावरून आलेला.

ठरवलं कुणीच नाही. जुन्या इंग्रजीत त्या जी-एचच्या जागी खरोखरचा आवाज होता, खाकरताना घशातून निघतो तसला ख. जर्मन भाषेत तो अजून शाबूत आहे. रात्र म्हणजे नाख्ट, मुलगी टॉख्टर, हसणं लाखन. इंग्रजीत त्यांचेच भाऊबंद नाइट, डॉटर, लाफ. बघा, तिन्हींत जी-एच लिहितात आणि ख कुठंच ऐकू येत नाही. काही शब्दांत तो गळाला, काहींत त्याचा फ झाला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. लोकांचं बोलणं मात्र बदलतच राहिलं, स्वरसुद्धा जागचे हलले. आज पोरं पाठ करतात ते त्या जुन्या बोलण्याचं स्पेलिंग.

आणि आजोबांना म्हणावं, देवनागरीचा फार टेंभा नको. 'चार' आणि 'चारा' मोठ्यानं म्हणून बघा. अक्षर एकच, च दोन.

पंचगंगेकाठचा:
मास्तरांना +१. आता कामाचं बोलतो. आत्याबाई, एक नियम चालतो. ओ-यू-जी-एचच्या पुढं टी आला की डोळे झाकून 'ऑट' म्हणायचं. बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, थॉट. नेहमीच्या शब्दांत अपवाद एकच, ड्राउट म्हणजे दुष्काळ. २०१९ आणि २०२१ ला नदी उंबऱ्यापर्यंत बघितलेल्याला तो शब्द लागतोय कशाला म्हणा!

टी नसला तर नियम विसरा, आवाजाला धरून जोड्या लावा. रफ, टफ, इनफ एकत्र. कॉफबरोबर ट्रॉफ, म्हणजे गव्हाण. गोठ्यातली हं, कारखान्यात मोळी टाकतात ती नव्हे, तिला केन कॅरियर म्हणतात. बाउ आणि प्लाउ, फांदी आणि नांगर. दो, ऑल्दो आणि डो, म्हणजे मळलेली कणीक. थ्रू बिचारा एकटाच. थरो आणि बरोमध्ये इंग्रज शेवटी अर्धवट 'अ' सोडून देतात, अमेरिकन माणूस 'ओ' म्हणतो. अमेरिकनांनी नांगराचं तर शेपूटच छाटलं आणि पी-एल-ओ-डब्ल्यू करून मोकळे झाले. शहाणे लोक.

कात टाकलेला:
अवांतर: एस-एल-ओ-यू-जी-एच बघा. सापानं कात टाकली तर स्लफ, ब्रिटनमध्ये दलदल म्हणायची तर स्लाउ. लंडनच्या पश्चिमेला या नावाचं गाव आहे, तेही स्लाउ. आणि उचकीचं एक जुनं स्पेलिंग शेवटी सी-ओ-यू-जी-एच लावून करतात, पण वाचायचं हिकपच! कुणीतरी उचकीला खोकल्याची बहीण समजून ते घुसडलं. पोराला आत्ताच सांगू नका.

धागाकर्ती:
मास्तर, दादा, मनापासून आभार. टीचा नियम भाच्यानं लगेच उचलला. जर्मन मुलगी तर त्याला इतकी आवडली की सकाळपासून मला टॉख्टर टॉख्टर करतोय. आजोबांना 'चारा' पटला, कॉफ अजून नाही.

पण आता नवीन फाटा. ओच्या जागी ए घातला तर काय? टॉट, कॉट ठीक आहे. मग डी-आर-ए-यू-जी-एच-टीला शब्दकोश ड्राफ्ट का म्हणतो? शेवटी टी आहे की!

निवृत्त मास्तर:
पोरगं हुशार आहे. तुमचा टीचा नियम ओ-यूपुरताच. ए-यू असेल तिथं फ करणारं घराणं लहान आहे, लाफ, लाफ्टर आणि ड्राफ्ट एवढं लक्षात ठेवू दे. कॉट, टॉट, डॉटर, नॉटी, स्लॉटर सगळे 'ऑ'कडचे. ड्राफ्टचं स्पेलिंग अमेरिकेत डी-आर-ए-एफ-टी असंच करतात, पण परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिहायला सांगा. आणि खोकल्याला ऑफवरच खूण, आजोबा काहीही म्हणोत.