मदत हवी आहे: हर्मीसची फिगर घोट्यात वाकतेय

वेताळटेकडी
मंडळी, जरा घाईत आहे. ग्रीक देवांच्या फिगर्सचा सेट करतोय, डिझाइन पूर्ण माझं. झ्यूस, पोसायडन, अथेना झाले. हर्मीस अडलाय. केल्यावर ताठ उभा असतो, मग हळूहळू पुढे कलतो आणि तोंडावर पडतो. एक तर घोट्यातून तुटलाच. घोटा जाड केला की पाय हत्तीचा दिसतो, ते नकोय. डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबल घेतलंय, चौघं एकत्र मांडायचेत. करून पाहिलेला उपाय असेल तर सांगा प्लीज.

लिंबूटिंबू
फोटो टाका ना. उंची किती? माती, पीओपी की थ्रीडी प्रिंट? उभा कसा आहे?

दोन मायक्रॉन
रेझिन प्रिंट असणार. यूव्ही क्युरिंग, म्हणजे अतिनील दिव्याखाली रेझिन कडक करणं, कमी पडतंय. धुऊन पूर्ण वाळव आणि दिव्याखाली जास्त वेळ ठेव. माझ्या फिगर्स अशाच कलायच्या, वेळ वाढवल्यावर थांबलं.

मूर्तिशाळा पेण
आमच्याकडे कितीही लहान मूर्ती असली तरी भार कुठून खाली उतरतो ते आधी बघतात. नुसत्या पीओपीत काथ्या का घालतात? कारण पीओपी दाब सोसतं, ओढ सोसत नाही. तुमच्या घोट्यात आत काय आहे?

वेताळटेकडी
आत काय असणार, रेझिनच. प्रिंटच आहे. फोटो रात्री टाकतो. क्युरिंग वाढवून बघितलं, तोच तुटला.

दोन मायक्रॉन
मग जास्त झालं असेल. अति क्युअर केलं की रेझिन काचेसारखं ठिसूळ होतं. एबीएस-लाइक, म्हणजे एबीएस प्लास्टिकसारखं चिवट रेझिन घे, साधं नको.

लिंबूटिंबू
उंची आणि पोझ अजून सांगितली नाहीत.

वेताळटेकडी
१:१० स्केल, साधारण १८ सेंमी. डाव्या पायाच्या चवड्यावर, उजवा पाय मागे हवेत, एक हात वर. धावतानाचा क्षण. हर्मीस निरोप्या आहे, तो दोन पायांवर उभा राहिला तर हर्मीस कसला?

खडूफळा
आता कळलं! ही शिल्पकार जांबोलोन्याच्या मर्क्युरीची, म्हणजे रोमन नावाच्या हर्मीसची, पोझ आहे. साधारण १५८०ची, फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. तोही एका चवड्यावर उभा, खाली वाऱ्याच्या देवाचं तोंड आणि त्यातून निघालेली फुंकर. पण ती ब्राँझची आहे हे विसरू नका. ब्राँझ ओढ सोसतं, शिवाय मूर्ती आतून पोकळ ओतता येते, म्हणून वरचा भार कमी. हीच पोझ संगमरवरात केली असती तर घोटा राहिला नसता.

रोमन कारागिरांना नेमकी हीच अडचण होती. मूळ ग्रीक पुतळे ब्राँझचे आणि नकला संगमरवरात. म्हणून पायाशी झाडाचं खोड येतं. व्हॅटिकनमधला अपोलो बेल्व्हेडेरे बघा, पायाशी खोड आणि त्यावर साप. ऑलिंपियाला १८७७ मध्ये सापडलेला बाळ डायोनायससला घेतलेला हर्मीस बघा, तोही खोडाला टेकलेला आहे आणि वर वस्त्र सोडलंय. तुमचं रेझिन वागायला संगमरवराच्या जवळचं आहे, पोझ मात्र तुम्ही ब्राँझची घेतलीत.

वेताळटेकडी
हे पटलं. पण खोड नको. माझ्या हर्मीसच्या पायाशी खोड आलं की वेग गेला.

आयोनियन
मग बसवा त्याला. नेपल्सच्या संग्रहालयात बसलेला हर्मीस आहे, ब्राँझचा, १७५८ मध्ये हर्क्युलेनियमला सापडलेला. खडकावर टेकलाय आणि आता उठेल असा दिसतो. तोल जायचा प्रश्नच नाही. मला तर तो धावणाऱ्यापेक्षा जास्त हर्मीस वाटतो.

अवांतर: पोसायडन कोणत्या पुतळ्यावरून केलात? ग्रीसमध्ये आर्टेमिसियमजवळ समुद्रात सापडलेला ब्राँझचा घेतला असेल तर तो झ्यूस आहे.

करवीरवासी
पोसायडनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. ब्रह्मपुरीला सापडलेली, रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली. लहान आकारात देव कसा बसवायचा हे शिकायचं असेल तर तिच्यासमोर जाऊन उभं राहा. आपल्या पंचगंगेकाठी समुद्राचा देव निघाला याचं मला फार अप्रूप आहे.

खडूफळा
आयोनियन, १९२६ला हात आणि १९२८ला बाकीचा पुतळा समुद्रातून निघाला तेव्हापासून तो वाद आहे. ठामपणे झ्यूस म्हणता येत नाही.

आयोनियन
मागे नेलेल्या उजव्या हातात लांब त्रिशूळ धरून बघा, दांडा चेहऱ्यावरून जातो. सुमारे २ मीटर ९ सेंमीचा पुतळा घडवणारा माणूस चेहरा झाकेल का? झ्यूसचं वज्र आखूड असतं, ते बसतं. फिगर करणाऱ्याने तरी हे बघायलाच हवं, कारण समोरून फोटो काढला की पहिला चेहराच दिसतो.

वेताळटेकडी
पोसायडन सरळ उभा आहे, त्रिशूळ जमिनीला टेकवलेला. तो झालाय. हर्मीसबद्दल बोला प्लीज.

दोन मायक्रॉन
धड पोकळ केलंस का?

वेताळटेकडी
नाही. सगळा भरीव.

दोन मायक्रॉन
मग हे आधी सांगायचं ना! सगळं वजन वर आहे. धड आणि डोकं पोकळ कर, भिंत २ ते २.५ मिमी. निचऱ्याची दोन भोकं ठेव, एक झग्याच्या घडीखाली आणि दुसरं टोपीच्या आत, आणि आतून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धू. आत कच्चं रेझिन राहिलं तर पुढे तडा जाऊन बाहेर येतं. डावा पाय मात्र भरीव ठेव.

मूर्तिशाळा पेण
वजन कमी करा, बरोबर. पण चवड्यावरचा भार तसाच राहणार आणि प्लास्टिक भाराखाली सावकाश वाकतंच. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलं तर अजून लवकर. पायात धातू घाला. मोठ्या मूर्तीच्या उचललेल्या हातात आम्ही सळई घालतो, तसंच हे.

लिंबूटिंबू
वाकलेला पाय गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि गार पाण्यात बुडवायचा. मी पीव्हीसीच्या फिगरवर केलंय.

मूर्तिशाळा पेण
ते दुरुस्तीला ठीक. भार काढला नाही तर परत वाकेल.

सायकलवेडा
सळई शोधताय तर सायकलच्या चाकाची तार घ्या. १४ गेज म्हणजे बरोबर २ मिमी, स्टेनलेस, कुठल्याही सायकल दुकानात. कटरने कापा, टोकं कानशीने घासा. अठरा सेंमीच्या फिगरला हिच्यापेक्षा जास्त ताकद लागत नाही.

दोन मायक्रॉन
हे मस्त आहे. पण प्रिंटला नंतर ड्रिल मारू नकोस, तडकेल. फाइलमध्येच नळी ठेव, २.२ मिमीची. गुडघ्याखालून सुरू करून पोटरी, घोटा, चवडा, तिथून बैठकीत किमान २० मिमी खोल. पाय वाकलेला आहे ना? मग तार ज्या रेषेत जाते ती रेष आधी आख आणि पाय तिच्याभोवती घडव.

वेताळटेकडी
नळीसाठी पाय कापावा लागेल. जोड दिसेल.

खडूफळा
तुमच्या देवाच्या पायात पंखांच्या वहाणा आहेत ना? जोड वहाणेच्या पट्ट्याखाली घ्या, घोट्याशी पंख आहेतच झाकायला.

आणि हातातल्या काठीवर साप दोन हवेत. एक साप असलेली काठी वैद्यकीचा देव अस्क्लेपियस याची. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२मध्ये हर्मीसची काठी चिन्ह म्हणून घेतली, तेव्हापासून गोंधळ वाढलाय. तुमचा सेट बघणाऱ्यांत कोणीतरी हे नक्की विचारेल.

रंगरेषा
रंग कोणता देणार? पांढरा संगमरवरी नको हो. हे पुतळे मुळात रंगवलेले असत. २००३मध्ये म्युनिकला पुरातत्त्वज्ञ ब्रिंकमान यांनी रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं, ते फोटो बघा. निळा, लाल, डोळ्यांत रंग. पांढऱ्या देवांनी बाजार भरलेला आहे, तुमचे रंगीत असले तर लांबून ओळखू येतील.

वेताळटेकडी
रंगाचं ठरलेलं नाही, पण अथेनाच्या ढालीवर करून बघतो.

आयोनियन
अथेनाच्या हातावर नाइके, म्हणजे विजयाची छोटी देवी, ठेवलीय का? ठेवली असेल तर तोही हात खाली येईल. अथेन्सला १८८०मध्ये सापडलेली व्हार्वाकिऑन अथेना बघा, जेमतेम मीटरभर उंच आहे आणि नाइके धरलेल्या उजव्या हाताखाली चक्क खांब दिलाय.

वेताळटेकडी
आहे, नाइके आहे. आत्ताच बघितलं, हात किंचित खाली गेलाय. तिलाही तार घालतो, मनगटापासून खांद्यापर्यंत.

हर्मीसचं असं ठरवतोय: धड पोकळ, डावा पाय भरीव, वहाणेच्या पट्ट्याखाली जोड, सायकलची तार, अॅराल्डाइट. बैठकीला वाऱ्याची फुंकर, म्हणजे तारेचं टोक तिच्यात जाईल आणि खोड लागणार नाही. एकच शंका, २.२च्या नळीत रेझिन साचून ती बुजली तर?

दोन मायक्रॉन
बुजते. दोन्ही टोकं उघडी ठेव आणि क्युरिंगच्या आधी इंजेक्शनच्या सिरिंजने आयपीए आरपार मार. मगच दिव्याखाली. तार क्युरिंग झाल्यावर, आधी नाही.

लिंबूटिंबू
फोटो राहिलाच.