एमबीएसाठी टीवायला (बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला) असताना कॅट (आयआयएम, म्हणजे देशातल्या मोठ्या मॅनेजमेंट संस्थांची प्रवेश परीक्षा) द्यावी का नुसती सीईटी (राज्याची)? जूनमध्ये सुरू केलं तर उशीर झालाय का?

अहमदपूरकर_बीकॉम
राम राम मंडळी. मी लातूरला बीकॉम करायलोय, आत्ता टीवायला गेलो. गाव अहमदपूरच्या पलीकडं, घरी साडेतीन एकर, तेवढंच. दहावीपर्यंत मराठी मीडियम, दहावीला 88 टक्के, बारावीला 74 वर आलो, आणि मॅथ्स नको म्हणून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं त्याचा आता पश्चात्ताप व्हायलाय. रूमवर बाकीचे तिघं नीटचे रिपीटर, पहाटे साडेचारला उठून घोकायला लागतात, त्यांच्यात मी एकटाच झोपलेला असतो म्हणून मलाच लाज वाटते.
मागच्या आठवड्यात कॉलेजात एका क्लासवाल्यांचा सेमिनार झाला, एमबीए, कॅट, पॅकेज सगळं दाखवलं आणि शेवटी म्हणले आजच भरलं तर 45 हजार नाहीतर 60. वडिलांना विचारायची हिंमत नाही झाली, पेरणी तोंडावर आहे, बियाणं खत आत्ताच घ्यावं लागतं.
तर विचारायचं असं की जूनपासून लागलं तर या नोव्हेंबरची कॅट जमेल का, का सरळ सीईटीच धरावी? दोन्हीचा अभ्यास वेगळा असतो का? आणि इंग्लिश पॅसेज वाचताना तिसऱ्या ओळीला डोकं बधिर होतं, त्याला काही उपाय आहे का खरंच सांगा.

परभणी_ते_पुणे
भाऊ, पहिलं म्हणजे ते 45 हजार राहू दे. जो "आजच भरा" म्हणतो तो पुढच्या महिन्यात पण तेवढ्यातच घेतो, फोन करकरून घेतो.
मी कॅट दोनदा दिली. पहिल्यांदा आपटलो आणि कशामुळं आपटलो ते सांगतो, कारण तू पण लातूरच्या हवेतला आहेस. आपल्याला शिकवलेलं काय, तर पेपर पूर्ण सोडवायचा, एक प्रश्न सुटला की सर पाठीत धपाटा घालायचे. कॅटमध्ये हीच सवय घात करते. दोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकाला 40 मिनिटं आणि इकडचा वेळ तिकडं नेता येत नाही. 2024 ला 68 प्रश्न होते, बरोबरला 3, चुकलं तर 1 वजा, उत्तर टाइप करायचं असेल तर चुकल्याचं काही कापत नाहीत. म्हणजे 204 मार्कांचा पेपर, आणि त्यात निम्म्याच्या जवळपास पोचलेली पोरं 99 पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या 99 जणांच्या पुढं जातात. निम्मे! आपल्याकडं निम्मे पडले तर घरी तोंड दाखवायची सोय नसते.
माझ्या पहिल्या मॉकला (सराव पेपरला) डीआयएलआरमध्ये, म्हणजे टेबल आणि तर्काच्या सेक्शनमध्ये, एक सेट होता, सहा टीमच्या मॅचेस, कोण कोणाशी हरलं त्याचा टेबल भरायचा. मी धरून बसलो. अर्धा भरला होता, आता सोडायचा कसा, म्हणून परत आखला, परत चुकला, तिसऱ्यांदा आखला आणि वर बघितलं तर 27 मिनिटं गेलेली. बाजूचे सेट मी उघडून पण बघितले नव्हते, संध्याकाळी रूमवर त्यातला एक चहा पिता पिता सोडवला, 9 मिनिटं लागली. तवापासून नियमच केला, पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून सगळे सेट नुसते वाचायचे, आणि धरलेला सेट दहा-बारा मिनिटात हलला नाही तर सोडून द्यायचा, कितीही जीव अडकला तरी. दुसऱ्या वर्षी मी पहिल्यापेक्षा कमी प्रश्न सोडवले आणि पर्सेंटाइल वाढलं.
आता उशिराचं. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, म्हणजे वरवर साडेपाच महिने दिसतात, पण मोजून बघ, त्यात गणपती, नवरात्र, सोयाबीनची रास, दिवाळी आणि तुझं पाचवं सेमिस्टर. हातात चारच येतात. त्यामुळं बेसिक पोळ्याच्या आत संपव, नंतर आठवड्याला एक मॉक. मॉक दिला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत उघडून बसायचं, कोणता प्रश्न काहून धरला आणि कोणता काहून सोडला हे वहीत लिहायचं, याला मॉकपेक्षा जास्त वेळ लागतो आणि पोरं इथंच कंटाळा करतात. जुने पेपर नेटवर फुकट आहेत, कॅटच्या साइटवर सरावाचा मॉक पण टाकतात.
मॅथ्सचं उगं टेन्शन घेऊ नको. मॅथ्सचा अर्ध्याच्या वर सेक्शन अंकगणित आणि बीजगणिताचाच असतो, टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग. आठवीला स्कॉलरशिपला बसला होतास का? तेच धडे, फक्त प्रश्न वाकडा करून विचारतात. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर पण असतो.

नांदेडची_ताई
वरचे दादा सांगायलेत ते बरोबर आहे पण एक राहिलं. कॅट का सीईटी असं नसतं रे, कॅट नोव्हेंबरला होते आणि आपली एमबीए सीईटी त्याच्यानंतर मार्च-एप्रिलच्या सुमाराला. मी कॅटमध्ये काही दिवे लावले नव्हते, तोच अभ्यास पुढं ओढला आणि सीईटीवर मुंबईत लागले. मुंबईची जेबीआयएमएस, सिडनहॅम ही कॉलेजं, पुणे विद्यापीठाचं पुंबा, हे सगळं सीईटीतून, आणि राज्याच्या कोट्यातून, फी पण आयआयएमच्या मानानं बरीच कमी. आयआयएमला वीस लाखाच्या घरात जातं. मोठ्या संस्थांना बँका जमीन तारण न घेता पण कर्ज देतात, हे वडिलांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते सातबारा काढायला पळतील.
फक्त सीईटीचा स्वभाव उलटा आहे. मी दिली तेव्हा 200 प्रश्न, 150 मिनिटं, निगेटिव्ह नाही. तिथं तुझी लातूरची सवय कामाला येते, एकही गोल मोकळा सोडायचा नाही. कॅट झाली की आठ दिवस झोप काढ आणि मग स्पीड, ॲबस्ट्रॅक्ट रिझनिंगच्या आकृत्या रोज पंचवीस, कारण त्या कॅटमध्ये नसतात.
इंग्लिशचं मात्र आजपासून. मी पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली. मी पहिले दोन महिने व्होकॅबच्या याद्या पाठ केल्या, काहीच फरक पडला नाही. अडचण शब्दांची नव्हतीच, मी प्रत्येक ओळ मनात मराठीत करून बघायचे आणि पॅरा संपेपर्यंत वरचं विसरायचे. मग असं केलं की रोज इंग्लिश पेपरातला एकच लेख, अर्थ अडला तरी न थांबता शेवटपर्यंत, आणि मग पेपर पालथा घालून प्रत्येक पॅऱ्याला एक ओळ मराठीत लिहायची, "लेखक इथं चिडलाय", "इथं उदाहरण देतोय", "इथं स्वतःचंच खोडतोय". पहिल्या दिवशी पाच पॅऱ्यांपैकी दोनच आठवले होते. दीडेक महिन्यानं शब्द अडायचे पण लेखक कुठं चाललाय ते कळायला लागलं, आणि प्रश्न त्याच्यावरच असतात. कॅटच्या इंग्लिश सेक्शनमध्ये 24 पैकी 16 प्रश्न पॅसेजचेच असतात त्यामुळं इथं पळवाट नाही. विषय आवडीचे निवडू नको, क्रिकेटवरचं कोणालाही वाचता येतं.

सेतूवाला_जालना
अभ्यासातलं मला काही कळत नाही, माझं ई-सेवा केंद्र आहे, सप्टेंबरात पोरं रडत येतात म्हणून आत्ताच सांगायलो. कॅटचा फॉर्म ऑगस्टपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. कोणत्या कॅटेगरीतून भरायचा ते तू बघ, पण आयआयएमला सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, कॉलेजला दिलेलं राज्याचं चालत नाही. ओबीसी असशील तर तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का बघून घे, दोन याद्या वेगळ्या आहेत. राज्याचं एसईबीसी (मराठा आरक्षण) तिथं लागू नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल कोट्याला) उत्पन्न 8 लाखाच्या आत आणि शेती 5 एकराच्या आत पाहिजे, तुझी साडेतीन म्हणतोस पण आईच्या नावावर वेगळा गट असेल तर तो पण धरतात, म्हणून आठ-अ दोघांचा काढून बघ. आणि ते चालू आर्थिक वर्षाचं लागतं, मागच्या वर्षीचं कपाटातलं आणू नको. दहावीच्या मार्कमेमोवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते पण आजच बघ, निम्मी पोरं इथंच अडकतात.

दुष्काळी_डोस
पोराला उगं हवेत चढवू नका. बारावीला 74 वर मोठ्या आयआयएमचा कॉल येत नाही. दोन वर्ष नोकरी करावी, अनुभव घ्यावा, मग बघावं.

परभणी_ते_पुणे
अर्ध खरं आहे. काही जुन्या आयआयएममध्ये दहावी-बारावीचे मार्क लई धरतात, तिथं अवघड आहे. पण सगळ्यांचं गणित एक नसतं, बऱ्याच ठिकाणी इंजिनिअर नसल्याचे वरून गुण मिळतात, आणि आपलं पोरगं बीकॉमवालं आहे. नवीन आयआयएम मिळून एकत्र इंटरव्ह्यू घेतात त्याला कॅप म्हणतात, आणि सीईटीच्या राऊंडला पण कॅपच म्हणतात, तो घोळ करू नको. नोकरीचं म्हणाल तर नोकरी लागल्यावर अभ्यास करणारे मी दोनच बघितलेत. टीवायला देऊन टाक, नाही झालं तर नोकरी आहेच आणि पुढच्या वर्षी परत देता येते.

अहमदपूरकर_बीकॉम
सगळ्यांचे आभार. काल ताईंनी सांगितलं तसं करून बघितलं, लायब्ररीत पेपर घेतला, लेख समुद्राच्या तळातल्या केबलवर होता, सहा पॅरे. पालथा घातल्यावर एकच ओळ लिहिता आली, "कोणीतरी कोणाला तरी नाव ठेवतंय". मग 2023 चा एक डीआयएलआर सेट उघडला, मोबाइलवर 12 मिनिटं लावली, वाजली तरी हात सुटेना, शेवटी शेजारच्या नीटवाल्यानं वही ओढून घेतली.
सेतूवाले भाऊ, तुमचं ऐकून आईला फोन केला. तिच्या नावावर मामाकडची 2 एकर निघाली, मला माहितीच नव्हतं. म्हणजे साडेपाच होते. आता?

सेतूवाला_जालना
आता ओपनमधून भर, नाहीतर जात केंद्राच्या ओबीसी यादीत बसते का तपास. आणि आईला विचार सातबाऱ्यावर नाव खरंच चढलंय का, फेरफार झालाय का नुसतं तोंडी आहे. तोंडी असेल तर धरत नाहीत. ऑगस्टच्या आत कळव.